मंत्र्यांना विचारणारा माणूस

२०२२ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. भंडारा जिल्ह्यातल्या एका गावी आमचा संध्याकाळचा वर्ग भरला होता. त्या दिवशीच्या धड्यात एक लांबलचक शब्द आला. विरोधी पक्षनेता. शब्द अवघड, म्हणून आम्ही तो फळ्यावर तोडून लिहिला. विरोधी, पक्ष, नेता. साऱ्यांनी मोठ्याने वाचला. मग मागच्या चटईवरून एक म्हातारे बाबाजी म्हणाले, "वाचला जी. पण हा माणूस करते काय? नुसता विरोधच ना? मग सरकार त्याले पगार काहून देते?"

बाबाजींचा सवाल बरोबर होता. पगार मिळतो हे खरे. महाराष्ट्रात १९७८ साली तसा कायदाच झाला. विरोधी पक्षनेत्याला मंत्र्याच्या बरोबरीचा मान असतो. विरोध करण्याचे पैसे सरकारने आपल्याच तिजोरीतून का द्यावेत? हे समजून घ्यायचे तर आधी आपल्या गावात या.

धानाच्या सोसायटीची वर्षाची सभा भरते. सेक्रेटरी हिशेब वाचतात. चहा येतो. सारे माना डोलावतात. एवढ्यात एक जण उठतो आणि म्हणतो, "बारदाना किती आला, किती वाटला, किती उरला, ते वाचा बरे पुन्हा." लोक कंटाळतात. कोणी म्हणतो, "बस ना गा, चहा थंडा होते." पण हिशेब पुन्हा वाचला जातो. कधी तो बरोबर निघतो. कधी चार पोती कमी भरतात. बरोबर निघाला तरी सेक्रेटरी पुढच्या वर्षी हिशेब नीट लिहून आणतात, कारण तो माणूस उठणार हे त्यांना ठाऊक असते.

राज्याची मोठी सभा म्हणजे विधानसभा. तिच्यात २८८ आमदार. आपल्या जिल्ह्याचे त्यांत तीन. एक तुमसरचा, एक भंडाऱ्याचा, एक साकोलीचा. ज्यांच्या बाजूला अर्ध्याहून अधिक आमदार, ते सरकार चालवतात. बाकीचे समोरच्या बाकांवर बसतात आणि विचारतात. समोरच्यांचा जो पुढारी, तो विरोधी पक्षनेता. बारदान्याचा हिशेब मागणारा राज्याचा माणूस म्हणजे हाच.

आता कोरोनाच्या दिवसांकडे वळू. ते दिवस कोणी विसरलेले नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. बाजार, शाळा, एस.टी., सारे बंद. त्या वेळी महाराष्ट्रात शिवसेना, राष्ट्रवादी काँग्रेस आणि काँग्रेस या तीन पक्षांचे सरकार होते. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे, आरोग्यमंत्री राजेश टोपे. विरोधी पक्षनेते होते भाजपचे देवेंद्र फडणवीस. त्याआधी पाच वर्षे तेच मुख्यमंत्री होते.

साथीच्या दिवसांत सरकार रोज सायंकाळी आकडे सांगे. आज इतके आजारी, इतके बरे, इतके मेले. आपण ते आकडे ऐकत होतो, जसे पावसाळ्यात धरणाच्या पाण्याचे आकडे ऐकतो. पण आकडा खरा की खोटा, हे घरी बसून कसे कळावे?

२०२० च्या जून महिन्यात, मध्यावर, फडणवीसांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले. मुंबईत साडेनऊशेहून अधिक मृत्यू कोरोनाचे असून ते यादीत दाखवलेले नाहीत, असा त्यांचा आरोप होता. १६ जूनला सरकारने नवे आकडे दिले. आधी झालेले, पण यादीत न आलेले मृत्यू त्या दिवशी यादीत घातले गेले. मुंबईचे ८६२ आणि बाकी राज्यातले ४६६. पाटीवर बेरीज करून पाहा. तेराशे अठ्ठावीस होतात.

सरकारचे म्हणणे असे होते की यात दडवादडवी काही नाही. दवाखान्यांच्या, महापालिकांच्या आणि राज्याच्या नोंदी जुळवण्याचे काम चालूच होते, ते पुरे झाले म्हणून आकडे दिले. विरोधकांचे म्हणणे असे की विचारले म्हणून बाहेर आले. कोणाचे खरे, याचा निवाडा आम्ही करत नाही. दोन्ही थोडेथोडे खरे असेल. पण एवढे नक्की, की १३२८ माणसे यादीच्या बाहेर होती, आणि ती आत आली.

"मेलेल्या माणसाले यादीत घालून काय फायदा जी?" असे पुढे बसलेल्या एका बाईने विचारले. तिची गोष्ट शेवटी सांगू.

आता एक अडचण पाहा. प्रश्न विचारायचा तो सभेत. सभाच भरली नाही तर? विधिमंडळाचे मार्च २०२० चे अधिवेशन कोरोनामुळे १४ तारखेलाच आटोपले. त्यानंतरचे पावसाळी अधिवेशन सप्टेंबरच्या ७ आणि ८ या दोनच तारखांना झाले, आणि त्यात प्रश्नोत्तराचा तास ठेवला नाही. हा तास फार मोलाचा असतो. कामकाजाच्या सुरुवातीचा हा तास. आमदाराने आधी लेखी प्रश्न पाठवायचा. मंत्र्याने उभे राहून तोंडी उत्तर द्यायचे. अशा प्रश्नापुढे चांदणीची खूण असते, म्हणून त्याला तारांकित प्रश्न म्हणतात. उत्तर अर्धवट वाटले तर आमदार पुन्हा उठतो, पोटातला प्रश्न विचारतो. खरी गंमत त्या पोटातल्या प्रश्नात असते. पहिले उत्तर कचेरीने लिहून दिलेले असते. दुसरे उत्तर मंत्र्याला स्वतःच्या माहितीवर द्यावे लागते.

दाटीवाटीने बसायचे नाही, आमदारांनाही रोग होतो, ही सरकारची अडचण खोटी नव्हती. दिल्लीतही तेच झाले. त्याच सप्टेंबरात लोकसभा आणि राज्यसभा भरल्या, तिथेही प्रश्नोत्तराचा तास गाळला, फक्त लेखी उत्तरे ठेवली. गंमत पाहा. मुंबईत भाजप विरोधी बाकांवर होता आणि हा तास नाही म्हणून तक्रार करत होता. दिल्लीत भाजपचे सरकार होते, तिथे काँग्रेस आणि बाकीचे हीच तक्रार करत होते. गाडीत बसायला मिळाले की दार लावा म्हणणारा, आणि फलाटावर असला की दार उघडा म्हणणारा, माणूस तोच असतो.

आपल्या भागाचे यात आणखी एक नुकसान झाले. दरवर्षी निदान एक अधिवेशन नागपूरला भरावे, असे १९५३ सालच्या नागपूर करारातच धरले होते. भंडाऱ्याहून नागपूर साठ किलोमीटरच्या आसपास. धानाचा बोनस, वनजमीन, गोसीखुर्दचे पुनर्वसन, कोणताही सवाल असो, आपले लोक सकाळी निघून मोर्चात जाऊन रात्री परत येऊ शकतात. २०२० आणि २०२१ ही दोन्ही वर्षे हिवाळी अधिवेशन मुंबईलाच झाले. मुंबईला कोण जाणार आणि कसे?

दिल्लीच्या लेखी उत्तरांतले एक उत्तर आपल्या जिल्ह्याला फार लागणारे आहे. भंडारा, लाखनी, साकोली या गावांवरून जाणारा मोठा रस्ता तुम्हांला माहीत आहे. २०२० च्या उन्हाळ्यात त्याच रस्त्याने मजूर पायी छत्तीसगडकडे चालले होते. डोक्यावर बोचके, कडेवर लेकरू. कित्येकांनी त्यांना पाणी पाजले, भात वाढला. १४ सप्टेंबर २०२० रोजी लोकसभेत विचारले गेले की टाळेबंदीत घरी जाताना किती मजूर मेले. सरकारने लेखी उत्तर दिले की अशी आकडेवारी ठेवलेली नाही. त्याच वेळी घरी परतलेल्या मजुरांचा आकडा मात्र दिला होता. एक कोटी चार लाखांच्या वर.

परतलेले मोजले होते. मेलेले मोजले नव्हते. उत्तर मिळाले नाही, असे म्हणू नका. "मोजले नाही" हे देखील उत्तरच आहे, आणि ते आता सरकारच्या सहीनिशी छापलेले आहे.

सगळेच प्रश्न असे जड नसतात. त्याच सप्टेंबरात राज्यसभेत कोरोनावर चर्चा चालली होती. महाराष्ट्रात रोगी फार, म्हणून राज्य सरकारवर टीका होत होती. शिवसेनेचे संजय राऊत दिल्लीत विरोधी बाकांवर होते. त्याआधी एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी एका जातीच्या पापडाची वाहवा केली होती, तो खाल्ल्याने अंगात रोगाशी लढण्याची ताकद येते म्हणून. राऊतांनी विचारले, महाराष्ट्रात इतके लोक बरे झाले ते काय पापड खाऊन? सभागृहात हशा पिकला असेल. पण विनोदाच्या आत सवाल होता. मंत्र्याने सांगितलेल्या औषधाला पुरावा काय?

पुराव्यावरून एक जुनी गोष्ट सांगतो. १८९७ साल. पुण्यात प्लेगची साथ होती. साहेबाचे राज्य. घराघरांत रोगी शोधायला गोरे सोल्जर शिरत. सामान रस्त्यावर काढत, देवघरात जात, बायाबापड्यांना धाक वाटे. लोक संतापले होते. त्या वेळी गोपाळ कृष्ण गोखले विलायतेत होते. पुण्याहून त्यांना पत्रे गेली. सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे त्यांत लिहिले होते. गोखल्यांनी ती गोष्ट तिथल्या वर्तमानपत्राला सांगितली. विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न निघाला. तिथल्या मंत्र्याने मुंबई सरकारला विचारले. मुंबई सरकार म्हणाले, असे काही घडले नाही. गोखले परत आले तेव्हा पुरावा मागितला गेला. ज्यांनी पत्रे लिहिली ते पुढे यायला धजले नाहीत. गोखल्यांनी त्यांची नावे उघड केली नाहीत, आणि शेवटी त्यांना जाहीर माफी मागावी लागली.

गोखल्यांना हे फार लागले. पण ते थांबले नाहीत. १९०२ साली ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले आणि सरकारच्या अंदाजपत्रकावर बोलू लागले. यावेळी हातात ऐकीव गोष्ट नव्हती. सरकारचेच छापील आकडे होते. कर किती घेतला, शिल्लक किती राहिली, शाळांवर किती कमी खर्चले. त्यांच्या भाषणाची सरकारलाही दखल घ्यावी लागे.

ही गोष्ट वाचून काही जण म्हणतील, पुरावा नसेल तर बोलूच नये. आमचे मत तसे नाही. पुण्याच्या लोकांनी भीती सोडून साक्ष दिली असती तर प्रश्न बुडाला नसता. विचारणाऱ्याच्या मागे सांगणारा उभा राहिला पाहिजे.

आता आपल्या भंडाऱ्याकडे या. ९ जानेवारी २०२१. मध्यरात्र उलटून गेलेली. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात तान्ह्या आजारी बाळांचा कक्ष होता. तिथे आग लागली. आत १७ बाळे होती. सातांना बाहेर काढता आले. दहा बाळे गेली. तीन भाजून, सात धुराने गुदमरून. हे लिहिताना आमचाही हात थांबतो. त्या आयांची नावे इथे लिहीत नाही. त्या आपल्याच गावखेड्यांतल्या होत्या, एवढे पुरे.

त्याच दिवशी फडणवीस भंडाऱ्याला आले. आग विझवण्याच्या साधनांचे काय झाले, जबाबदार कोण, असे त्यांनी सरकारला विचारले. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री ठाकरे आले. प्रत्येक घराला पाच लाखांची मदत जाहीर झाली. चौकशी समिती नेमली गेली आणि त्याच महिन्यात काही अधिकारी व कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. राज्यातल्या साऱ्या दवाखान्यांची आगीच्या धोक्यासाठी तपासणी करा, असे हुकूम निघाले. त्या वेळी विधानसभेचे अध्यक्ष होते नाना पटोले, आपल्या साकोलीचे आमदार. म्हणजे सभागृहाची मोठी खुर्चीही तेव्हा आपल्याच जिल्ह्याकडे होती.

मग प्रश्नाचे काम झाले का? पाहा. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या (त्याला आता अहिल्यानगर म्हणतात) जिल्हा रुग्णालयात कोरोनाच्या अतिदक्षता कक्षात आग लागली. ११ रोगी गेले. भंडाऱ्यानंतर निघालेल्या हुकुमांचे काय झाले, हा सवाल पुन्हा उभा राहिला. पहिल्यांदा विचारलेला प्रश्न विसरला गेला की दुसऱ्यांदा विचारताना त्याची किंमत माणसांनी चुकवलेली असते. विरोधी पक्षही इथे चुकतो, हे आम्ही स्पष्ट सांगतो. आगीच्या दिवशी सारे पुढारी येतात, गाड्यांची रांग लागते. सहा महिन्यांनी तपासणीचा कागद मागायला कोण येते?

आणि गोंधळही होतो. ५ जुलै २०२१ ला विधानसभेत अशी रणधुमाळी झाली की भाजपच्या १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केले. पुढे जानेवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते निलंबन रद्द ठरवले. एवढ्या काळासाठी मतदारांचा आवाज बंद ठेवता येत नाही, असा त्याचा रोख होता. ओरडणे म्हणजे विचारणे नव्हे. पण ओरडला म्हणून वर्षभर तोंड बांधणे हेही बरोबर नव्हे.

उत्तर कसे वाचावे, त्याचा एक नमुना देतो. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये दुसरी लाट आली. प्राणवायूच्या सिलिंडरसाठी लोक रात्ररात्र फिरले. २० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत विरोधकांनी विचारले, प्राणवायू न मिळाल्याने किती लोक मेले? उत्तर दिले आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी. त्या आपल्याच राज्याच्या, नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या तेव्हाच्या खासदार. उत्तराचा भाव असा होता की आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, आणि प्राणवायूच्या कमतरतेने मृत्यू झाल्याचे राज्यांनी वेगळे असे कळवलेले नाही.

देशभर गदारोळ झाला. "एकही मेला नाही म्हणते सरकार!" असे लोक बोलू लागले. पण शब्द सावकाश वाचा. "मेले नाहीत" असे त्यात नाही. "कळवलेले नाही" असे आहे. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. मग लगेच दुसरा प्रश्न निघतो. राज्यांनी का कळवले नाही? महाराष्ट्राच्या आरोग्यमंत्र्यांनीही तेव्हा सांगितले की आपल्या राज्यात प्राणवायूअभावी मृत्यू झालेला नाही. दिल्लीत विरोधात बसणारे मुंबईत सरकारात होते, आणि या एका उत्तरापुरते दोघांचे छान जमले. बोट दिल्लीकडून मुंबईकडे, मुंबईकडून दवाखान्याकडे, आणि दवाखान्याच्या कागदावर लिहिलेले असते की श्वास थांबला. श्वास सगळ्यांचाच थांबतो.

६ ऑगस्ट २०२१ ला बातमी आली की भंडारा जिल्ह्यात कोरोनाचा एकही रोगी उरला नाही, राज्यात असा हा पहिलाच जिल्हा. आनंदाची बातमी होती. दवाखान्यातल्या नर्सबाई, आशाताई, सफाई करणारे, यांची ती कमाई. पण त्याच दिवसापर्यंत जिल्ह्यात अकराशेच्या वर माणसे गेल्याची नोंद होती.

पुढचे थोडक्यात. २०२२ च्या जूनअखेर राज्यातले सरकार बदलले. विचारणारे फडणवीस उपमुख्यमंत्री झाले आणि उत्तरे द्यायच्या बाजूला बसले. कालपर्यंत मंत्री असलेले अजित पवार विरोधी पक्षनेते झाले. मग तेही पुढे सरकारात गेले. २०२४ च्या निवडणुकीनंतर विरोधातल्या कोणत्याही एका पक्षाला २९ आमदारही मिळाले नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरला अधिवेशन भरले तेव्हा विधानसभेत विरोधी पक्षनेत्याची जागा रिकामीच होती. बाबाजींनी पगार विचारला होता. त्या अधिवेशनात तो पगार वाचला म्हणायचा.

आता त्या बाईची गोष्ट. मेलेल्याला यादीत घालून काय फायदा, असे तिने विचारले होते. आम्ही सांगितले, फायदा आहे. काही लोक सुप्रीम कोर्टात गेले. त्यातून २०२१ साली असे ठरले की कोरोनाने गेलेल्याच्या घरी ५०,००० रुपये द्यावे. रोग निघाल्यापासून ३० दिवसांच्या आत मृत्यू झाला तर तो कोरोनाचा धरावा. नाकारले तर जिल्ह्याच्या समितीकडे दाद मागता येत असे. पण कागद लागत असे. 

बाई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद घेऊन आली. तिचा नवरा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेला होता. दवाखान्यात खाट मिळाली ती शेवटच्या रात्री. तिने कागदावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचले. "श्व... स... न... श्वसन. श्वसनाचा विकार." मग मान वर करून म्हणाली, "गुरुजी, यात कोरोना हा शब्द नाही ना?"

नव्हता. वर्षभर तो कागद पेटीत होता. घरात वाचणारे कोणी नव्हते.

"मग तो त्या तेराशे अठ्ठावीसात होता का जी?"

आम्ही म्हटले, नाही. ते २०२० चे. तुमचा माणूस नंतर गेला.

"मंग त्याचा सवाल कोणं विचारला?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. बाबाजी शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "आमदाराले लिही ना बाई. त्याले ठाऊकच नसन तर तो तरी काय विचारन?"

तेव्हा वर्गातच पत्र लिहायला घेतले. एक जिल्हा समितीला, एक आमदारांना. नवऱ्याचे नाव, गाव, दवाखान्यात नेल्याची तारीख, तपासणी कधी झाली, अहवाल कुठे आहे, कोणी पाहिले. सोबत नेणाऱ्या दोघा शेजाऱ्यांनी साक्षीदार म्हणून सह्या करायचे कबूल केले. एकाने अंगठा पुढे केला, मग मागे घेतला आणि पेन मागितला. मजकूर आम्ही फळ्यावर लिहिला, बाईने तो उतरवून काढला. दोन ओळी खोडल्या, पुन्हा लिहिल्या. खाली स्वतःचे नाव घातले.

"तारीख राहिली," आम्ही म्हणालो.

तिने तारीख घातली आणि कागद पिशवीत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडून तिला भंडाऱ्याला जायचे होते.